हैबती अजून नदीतच आहे

माझ्या साडभावाने मला फसवलं. भावात नाही, मालात नाही, शब्दात फसवलं. खामगावच्या बाजारात पोती उचलण्यापासून सुरुवात करून आज माझं गुरांच्या खुराकाचं, सरकी-ढेपीचं दुकान आहे, आणि या सगळ्या प्रवासात मला फसवायला निघालेली माणसं मी दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवली आहेत. पण हा माणूस घरचा निघाला. सोपी गोष्ट अवघड करण्यात याचा हात धरील असा माणूस जगात जन्मलेला नाही, असं मी शपथेवर सांगतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर मोजणी खात्यात होता. साखळी घेऊन लोकांच्या बांधावरून फिरला आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून घरातल्या गोष्टी मोजायला लागला. त्याच्या घरी चहा सरळ मिळत नाही. आधी विचारतो, "जेवून आला का?" मग, "उन्हातून आला का सावलीतून?" उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग थोडं थांबून चहा, आणि तोही निम्मा, असा त्याचा कायदा आहे. एकदा मी अर्धा रस्ता उन्हातून आणि अर्धा रिक्षातून गेलो होतो. तो इतका विचारात पडला की शेवटी ताईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, आतून ओरडून सांगितलं, "अहो, तो माणूस वाळून राह्यला तिथं! द्या त्याले कपभर!" भाजीला जाताना तो पिशवीत पिशवी आणि तिच्यात आणखी एक पिशवी नेतो. मेथी कोथिंबिरीला लागता कामा नये. का, ते मला आजतागायत समजलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "लागली तर काय होईन ते कोणी पाह्यलं हाये का?"

तर त्याने मला फसवलं ते एका खेळात. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा कपाटात फाशांची एक पिशवी ठेवून गेला. साडभावाने ती उघडली, मुलाला फोनवर विचारून खेळ समजून घेतला आणि एका रविवारी दुपारी आम्हा तिघांना बोलावलं. मी, बाजारातला आमचा टेलर आणि शेजारच्या निवृत्त नर्सबाई. टेबलावर त्याने स्वतः काढलेला नकाशा पसरला होता. एका टोकाला गाव, मधे जंगल, मग नदी आणि पलीकडे किल्ला. आम्ही प्रत्येकाने एकेक माणूस व्हायचं आणि गावापासून किल्ल्यापर्यंत पोचायचं. वाटेत काय आडवं येतं ते साडभाऊ सांगणार. टेलर मांत्रिक झाला, नर्सबाई तिरंदाज झाल्या, आणि मी झालो हैबती, मिठाची बैलगाडी घेऊन किल्ल्यावर विकायला निघालेला व्यापारी.

मी आधीच विचारलं होतं, "भाऊ, याचे नियम किती?"

"एकच," तो म्हणाला. "काय करतो ते सांगाचं, फासा टाकाचा. चार नाई तं त्याच्यावर आला का काम झालं."

"मागून वाढवसान."

"नाई बे. शब्द देतो."

मी माल पाहून सौदा करणारा माणूस. या मालात मला खोट दिसली नाही.

आणि खरं सांगतो, त्या दुपारी मजा आली. जंगलात एक राक्षस आडवा आला. वाट सोडायला एक बैल मागत होता. मी फाशाला हात न लावता त्याच्याशी बोलायला बसलो. बैल म्हातारा आहे, चिवट लागेल, दात पडतील, तुझ्या वयाला हे शोभतं का, असं करत करत राक्षसाला एका बैलावरून विडीच्या बंडलावर आणलं. राक्षसाचं बोलणं साडभाऊच बोलत होता. शेवटी हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि फासा न टाकताच तो म्हणाला, "जाय बाप्पा, घेऊन जाय तुही गाडी!" नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. दुकानात इतकी वर्षं घासाघीस केली, त्यावर टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी तहानेचा नियम आला. जंगलात चालल्यावर तहान लागणारच, एवढंच, असं म्हणाला. मग पायातल्या जोड्याचा नियम, मग ओल्या घोंगडीचा. या घोंगडीपायी टेलरचा मांत्रिक सर्दीने मेला. टेलर उठून उभा राहिला. "साप चावला असता तं चाललं असतं," तो म्हणाला, "पण सर्दीनं? मी मांत्रिक होतो ना भाऊ!" तो गेला तो परत आला नाही. नर्सबाई आणखी काही रविवार आल्या. पण त्यांची तिरंदाज सकाळी काय जेवली, त्यावरून दुपारी तिचा नेम किती, याचा हिशोब साडभाऊ मांडत असताना त्या खुर्चीतच झोपल्या. उठल्यावर "येते हं" म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं.

मी मात्र जात राहिलो. भांडायला जात होतो. बैलांच्या खुराकाचा नियम आला तेव्हा मी टेबलावर हात आपटला, कारण त्याने लिहिलेली ढेप खाऊन एकही बैल उभा राहिला नसता. ती त्याने वाढवली, पण नियम काही काढला नाही. आणि मग एक दिवस तो भाव करण्याचा नियम घेऊन आला. आता घासाघीस करायलासुद्धा फासा!

"माह्या तोंडात जीभ हाये ना?" मी ओरडलो. "मंग फासा काऊन?"

"तुह्या तोंडात हाये," तो शांतपणे म्हणाला. "हैबतीच्या तोंडात किती हाये, ते फासा सांगन."

मी टाकला. एक आला. हैबतीने निम्मं मीठ फुकट वाटून टाकलं. ज्याने सख्ख्या मेहुण्याला पोतं उधार दिलं नाही, त्या माझ्या हैबतीने! त्या दिवशी मी चहा न घेता निघालो. ताई दारापर्यंत आल्या. "रविवारी येता ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी रागात होतो, पण "हाव" म्हणालो. काऊन म्हणालो, कोणास ठाऊक.

मग परवाचा रविवार. टेबलाशी आम्ही दोघंच. हैबती नदीच्या मधोमध. तहान भागली होती, गाडीचा कणा तपासला होता, बैल जेवले होते. सगळे नियम संपले होते आणि किल्ल्यात पोचायला एकच फासा उरला होता. मी टाकला. सहा.

साडभाऊ फाशाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता काढतो नवीन कलम. पण तो प्रामाणिक माणूस आहे. "पोचला बाप्पा," म्हणाला, आणि नकाशाची कडा हळूहळू गुंडाळायला लागला.

आमच्या गुरांच्या बाजारात कधीकधी एखादा म्हातारा गाय घेऊन येतो. गिऱ्हाईक आलं की अट घालतो. दुसरं आलं की दुसरी अट. दिवस मावळला की गाय घेऊन आनंदाने घरी जातो. पण एखाद्या दिवशी कोणीतरी त्याच्या सगळ्या अटी मान्य करतं. तेव्हा त्या म्हाताऱ्याचं तोंड पाहवत नाही. साडभावाचं तोंड तसं झालं होतं.

मी घसा साफ केला. "भाऊ," मी म्हणालो, "नदीतून निंघाल्यावर काठाले चिखल असन ना? भरली गाडी चिखलातून चढते का एकदम?"

नकाशा गुंडाळता गुंडाळता त्याचे हात थांबले.

"हाव बे," तो म्हणाला. "चिखलाचं तं राह्यलंच!" आणि आत ओरडला, "अवं, चहा ठेव! पुरा कप ठेव त्याले!"

मी घरी आलो तेव्हापासून डोकं चालत नाही. ज्या माणसाने शब्द मोडला त्याच्या हातात मी माझ्या हाताने आणखी एक नियम दिला. जिंकलेला सौदा मोडला. जन्मात कधी स्वतःच्या विरुद्ध बोली लावली नव्हती. हैबती तिकडे नदीच्या चिखलात उभा आहे, किल्ला समोर दिसतो आहे, उरलेलं मीठ ओलं होतं आहे. हे नुकसान माझं आहे आणि ते करणाराही मीच असलो, तरी हे मला करायला कोणी लावलं? एकच नियम आहे असा शब्द कोणी दिला होता? रविवारी मी जाणार, पुरा कप चहा घेणार, आणि साडभावाला समोर बसवून विचारणार. याचा जाब त्याने मला दिलाच पाहिजे. सावकाश दिला तरी चालेल.