संयोजकाचं नाव वर

"नानाकाका सांगतील तसं लिहायचं. का, ते विचारायचं नाही."

रियाधला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला हा नियम सांगितला. मी पुण्याहून भूगोल घेऊन बी.ए. होऊन आले होते, त्यामुळे का ते विचारण्याची सवय होती. ती पुण्यालाच ठेवून यायला हवी होती म्हणे!

आमचं मंडळ छोटं. रियाधच्या मलाझ भागातल्या एकाच गल्लीतली तीन घरं. नानाकाका सरकारी हॉस्पिटलात सर्जन, मंडळाचे कायमचे संयोजक. त्यांच्या मालूकाकू, मूळ मालवणच्या. दामलेकाका पाइपलाइन टाकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, त्यांच्या कुसुमकाकू. आणि आम्ही तिघं: पॅथॉलॉजिस्ट बाबा, आई, मी. मोठे सहा, लहान एक. बावीस वर्षांची लहान!

या मंडळाने ठरवलं, की इंग्लंडला जायचं आणि साउदॅम्प्टनहून बोटीने नॉर्वे बघून परत यायचं. बोट तेरा दिवसांची, तयारी चौदा महिन्यांची. आता एवढ्या तयारीत किस्से साठणारच. मी तर पत्रव्यवहाराची फाइल उघडली की हसतेच, कारण त्यातलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं आहे. नानाकाकांचं अक्षर फार्मसीवाल्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार.

मी कुरकुर न करता लिहीत होते, कारण मला ती बोट हवी होती. नॉर्वेतल्या खोल खाड्या, म्हणजे फियॉर्ड, कसे तयार होतात याचं आकृतीसह उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं, पण मला फियॉर्डपेक्षाही डेक हवा होता. रियाधला कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, दूध आणायचं तरी बाबा कामावरून यायची वाट बघायची. ब्रोशरमध्ये बोटीचा नकाशा होता. त्यात एक डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा दाखवला होता. त्यावरून मी एकटी चालणार होते. कोणालाही न विचारता, हव्या तितक्या वेळा!

•

पहिला कार्यक्रम सायक्लोस्टाइल होऊन आला. लंडनमधले दिवस त्यात तासातासाने आखलेले. रविवार: सकाळी बँक, मग खरेदी. शुक्रवार: पूर्ण विश्रांती.

"काका, शुक्रवारी विश्रांती का?"

"अगं, शुक्रवारी सगळं बंद असतं!"

दहा वर्षं रियाधला काढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? मी म्हटलं, लंडनला शुक्रवारी सगळं उघडं असतं. बंद असतं ते रविवारी.

"कोण म्हणतं?"

"लंडन म्हणतं!"

बाबांनी मला डोळ्यांनी दटावलं. आठवड्याने दुसरी आवृत्ती आली. तिच्यात शुक्रवार आणि रविवार, दोन्ही दिवशी विश्रांती! "म्हणजे वादच नको," नानाकाका म्हणाले.

•

लंडन बघायला बस ठरवायची होती. नानाकाका येरझाऱ्या घालत सांगू लागले, "लिही. बसमध्ये फॅमिली सेक्शन वेगळा आहे का?"

इथल्या हॉटेलांत बायकामुलांना घेऊन गेलं की पडद्याआडच्या फॅमिली सेक्शनमध्ये बसवतात. पण लंडनच्या बसमध्ये?

"काका, तिथे तसं..."

"लिही."

लिहिलं. तीन आठवड्यांनी बसवाल्यांचं अतिशय नम्र उत्तर आलं: आमच्या सर्व बस कुटुंबांसाठी योग्य आहेत, लहान मुलांना सवलत आहे.

नानाकाका खूश. "बघ! विचारलं म्हणून कळलं."

मला सवलत मिळते का, तेही त्यांनी विचारायला लावलं. नाही मिळत.

•

दामलेकाकांच्या रजेची गंमत वेगळीच. रजा आणि परत येण्याचा व्हिसा त्यांच्या कफीलच्या, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहायचं त्या सौदी मालकाच्या, हातात. कफील म्हातारा, प्रेमळ आणि चौकस. त्याने आधी काकांना चहा पाजला.

"बोट कुठे जाते?"

"नॉर्वेला."

"तिथे काम आहे?"

"नाही."

"नातेवाईक?"

"कोणी नाही."

"मग तिथे उतरून काय करणार?"

"पाणी बघणार, डोंगर बघणार. मग ती बोट आम्हाला जिथून निघालो तिथेच आणून सोडणार."

कफीलने कागद पुढ्यात ओढला. मग सही करता करता म्हणाला, "दामले, तिथेच परत यायचं असेल तर मुळात चढूच नका!"

•

दामलेकाकांचा जीव ट्रान्सफरमध्ये अडकलेला. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते रेल्वे, रेल्वे ते बोट: सामान चढवा, उतरवा. पाइपलाइन सुरू करण्याआधी जशी चाचणी घेतात तशी याची घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. विमानतळ मलाझपासून जवळच. ऑगस्टच्या एका दुपारी आम्ही सात जण चौदा बॅगा घेऊन दोन स्टेशनवॅगनमधून निघालो. काकांच्या हातात स्टॉपवॉच. बायका पायघोळ काळा अबाया सावरत घामाने निथळतायत. बॅगांना खरं वजन हवं, म्हणून काकांनी त्या भरून आणलेल्या.

उतरलो. चौदा बॅगा ओळीत लावल्या. लगेच पोलीस आला.

"कुठे चाललात?"

"कुठेच नाही," दामलेकाका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही.

"कोणी येणार आहे?"

"कोणीच नाही."

पोलिसाने सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, मागितले. एकेक वाचला. मग बॅगेकडे बोट दाखवलं. "यात काय आहे?"

"वाळू."

त्याने बॅग उघडून पाहिली. वाळूच होती. त्याने वाळूकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेल्या वाळूकडे पाहिलं.

"खलास," तो थकून म्हणाला. "यल्ला, घरी जा!"

स्टॉपवॉच बंद करायचं राहिलंच. त्यामुळे मंडळाच्या नोंदीत आजही घर ते विमानतळ या ट्रान्सफरला चार तास लागतात.

•

जेवणाचा प्रश्न बायकांच्या सभेत आला. कुसुमकाकू कट्टर शाकाहारी. केबिनमध्ये इलेक्ट्रिक शेगडी चालेल का, हे थेट कप्तानाला विचारा, असं त्यांचं म्हणणं. लिहिलं. बोटीच्या कंपनीचं उत्तर आलं: शेगडी चालणार नाही, मात्र शाकाहारी पाहुण्यांसाठी ऑम्लेट आणि ताजे मासे यांची उत्तम सोय आहे.

कुसुमकाकूंनी कपाळाला हात लावला.

मालूकाकू मात्र उजळल्या. "मासे शाकाहारी? अगो, मग मीसुद्धा जन्मापासून शाकाहारीच!"

त्याच सभेत, नॉर्वेचे धबधबे बघायला कार्यक्रमात पंधरा मिनिटंच का, अशी मी तक्रार केली. मालूकाकूंनी तीही निकालात काढली. "पाणी वरून खाली पडता. किती वेळ बघतलंस?"

•

बुकिंगचा फॉर्म भरायचा दिवस मला नीट आठवतो. नानाकाकांकडे सगळे जमले होते. मी टेबलापाशी, हातात त्यांनीच मला दिलेलं शाईचं पेन. फॉर्मवर सर्वांत वर एक ओळ होती, उत्तर कोणाच्या नावे पाठवायचं यासाठी. खाली प्रवाशांची यादी.

"वर माझं नाव घाल," नानाकाका म्हणाले. "आता खाली. दामले. कुसुमवहिनी. तुझे बाबा. आई. मालू. आणि तू."

सहा नावं झाली. मी थांबले.

"काका, खाली तुमचं नाव?"

"शुभा, आपल्या गणपतीची पत्रिका बघितलीस ना? संयोजकाचं नाव कुठे असतं?"

"वर."

"खाली भाग घेणाऱ्यांच्या यादीत संयोजक असतो कधी?"

"पण काका, हा फॉर्म आहे. इथे बहुतेक..."

"शुभा," बाबा म्हणाले.

मी पाकीट चिकटवलं.

•

उत्तर नानाकाकांच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलं. पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर सगळे पुन्हा त्यांच्याकडे जमलो. शंकरपाळ्यांचं ताट फिरत होतं. नानाकाकांनी सातवी आणि अखेरची आवृत्ती वाटली. मी सवयीने बोटीचं पान काढलं. मग ते पुन्हा वाचलं.

"दिवस पाचवा. मंडळ बोटीवर चढेल. कु. शुभा: लंडनजवळ हॅरो, मालूच्या भावाकडे."

"हे काय आहे?"

"कंपनीचं पत्र आलंय," नानाकाका म्हणाले. "बर्थ सहाच मिळाल्या. बोट भरली. आपण सात. लहानांनी जरा ॲडजस्ट करायचं असतं."

"किती दिवस?"

"बोट परत येईपर्यंत."

"म्हणजे तेराच्या तेरा दिवस?"

"माझो भाऊ खूप चांगलो माणूस आसा हां," मालूकाकू म्हणाल्या. "वहिनीक बाळ झालाहा. तुझी मदतच होईत."

"आणि हॅरोला बघण्यासारखं आहे," दामलेकाका म्हणाले. "भुयारी रेल्वे त्यांच्या घरातून दिसते."

"भुयारी रेल्वे घरातून दिसते?"

"तिथे ती वर येते," ते गडबडीने म्हणाले.

"तरुण मुलीला बोटीवर तसंही बरं नाही," कुसुमकाकू म्हणाल्या. "डान्स असतात तिथे."

आई शंकरपाळ्यांच्या ताटात बघत होती. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ की आपण तिघं."

पुढच्या वर्षी आम्ही कुठे जाणार, हे मला माहीत होतं. बकाल्यात. दूध आणायला.

रडू येत होतं, ते रागाचं होतं. नानाकाकांनी जाड पाकीट माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. "तिकिटं आहेत. फाइलला लाव."

हाताला काहीतरी काम हवंच होतं. मी तिकिटं बाहेर काढली. एकेक टेबलावर ठेवत गेले. प्रत्येकावर नाव टाइप केलेलं. दामलेकाका. कुसुमकाकू. बाबा. आई. मालूकाकू.

सहावं तिकीट मी खाली ठेवलंच नाही.

"काका," मी म्हटलं, "तिकिटांवर नावं आहेत."

"असणारच."

मी मोठ्याने वाचली. सहाही. शेवटचं माझं.

"आणि माझं?" नानाकाकांनी विचारलं.

"संपली."

त्यांनी चष्मा लावला. पाच तिकिटं उलटसुलट करून पाहिली. पाकीट हलवलं, त्यात फुंकर मारली. मग त्यात घडी करून ठेवलेलं कंपनीचं पत्र त्यांनी या वेळी खालपर्यंत वाचलं. 'आपण कळवलेल्या यादीप्रमाणे' असे शब्द होते. वर त्यांचं नाव होतं, अगदी ठळक.

दामलेकाकांना खोकला आला. मालूकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"काही बिघडलेलं नाही," नानाकाका सावरून म्हणाले. ते उठले, येरझाऱ्या घालू लागले. "सोपं आहे. शुभा, कागद घे. लिही. महाशय, मिस शुभा यांच्याऐवजी..."

मी कागद घेतला. पेन उघडलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

"शुभा," बाबा हळूच म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं आणि ते नानाकाकांच्या पुढे ठेवलं.

"नाही. मी हे लिहिणार नाही."

"का?"

चौदा महिन्यांत त्या घरात हा प्रश्न मोठ्यांपैकी कोणी पहिल्यांदाच विचारला होता.

"मालूकाकूंचा भाऊ खूप चांगला माणूस आहे, काका," मी म्हटलं. "आणि भुयारी रेल्वे घरातून दिसते."

नानाकाकांनी पाकीट पुन्हा उचललं आणि आत डोकावून पाहिलं.