साखळीकडे आणलेलं जहाज

बुडालेल्या जहाजांचा वारसा आतल्या गावांपर्यंत न्यायचा, असं आमच्या पुरातत्त्व कार्यालयात ठरलं. कुणाला पाठवायचं यावर फारशी चर्चा झाली नाही. मी गोव्यातल्या साखळी गावाकडची, मराठी बोलणारी, आणि होडीत बसलं की मला उलटी होते. त्यामुळे समुद्रावर तसाही माझा कुणाला उपयोग नव्हता.

पहिला कार्यक्रम मावशीच्या गावात, देवळाच्या सभामंडपात ठेवला. पडद्यावर मी शिंपल्यांनी मढलेला नांगर दाखवला, मग वाळूत रुतलेली जहाजातली कौलं.

"सोनां गावलां?" पुढे बसलेल्या आजोबांनी विचारलं.

"नाही. कौलंच मिळाली."

"कवलां? तीं आमच्या गोठ्यार आसत!"

सभामंडप हसला. मी 'सागरी व्यापारमार्ग' हा शब्द वापरून पाहिला, तशी माणसं उठायलाच लागली. घाबरून मी म्हटलं, "जहाज बुडताना पाहिलेला माणूस तुमच्याच गावात आहे," आणि माईक मावशीच्या यजमानांपुढे धरला.

त्यांना आम्ही काका म्हणतो. खनिज वाहणाऱ्या बार्जवर ते खलाशी होते. मांडवी नदीच्या मुखाशी वादळात त्यांची बार्ज बुडाली आणि काका पोहून किनाऱ्याला लागले, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. तेव्हा त्यांचा शाल घालून सत्कार झाला आणि ते गावाचे पोहण्याचे गुरुजी झाले. देवळाच्या तळीवर, पायरीवर उभं राहून त्यांनी सगळ्या गावाला पोहायला शिकवलं. मलाही.

काका बोलायला लागले. बार्ज कशी कलली, पाणी खनिजानं कसं लाल झालं, जेवणाचं पातेलं डोळ्यांदेखत कसं तरंगत गेलं. उठलेली माणसं परत बसली.

"मी एका रिकाम्या पिंपाला मिठी मारली," काका म्हणाले. "पिंप जाईल तिकडे मी. शेवटी मासेमारांनी ओढून घेतलं. पोहायला मला तेव्हा येत नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "अजूनही येत नाही."

मावशी उभी राहिली. "आणि हे तुम्ही मला माईकवरून सांगता?"

"शाल अंगावर पडल्यावर नको कसं म्हणू? मग लोक पोरं घेऊन यायला लागले."

"एखादं पोर बुडलं असतं तर?"

"म्हणून तर पाण्यावरून नजर हलवत नव्हतो. कुणाचं डोकं दिसेनासं झालं की माझा जीव जायचा."

तळीत मी हातपाय मारायचे तेव्हा वरून त्यांचा आवाज यायचा, "पाय मार गो, पाय मार!" त्या आवाजाचा मला केवढा धीर वाटायचा. तो माणूस भीतीनं ओरडत होता, हे त्या दिवशी कळलं. तरी राग आला नाही.

मावशीला मात्र आला. काही दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी त्यांना मनगटाला धरून तळीवर घेऊन गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं. ती स्वतः माहेरच्या नदीत पोहायला शिकलेली. हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. पायऱ्यांवर बसलेले काकांचे विद्यार्थी मनसोक्त सूचना देत होते.

कार्यालयातल्या साहेबांनी आमचा उपक्रम यशस्वी ठरवला. आता पेडण्याकडच्या गावांतूनही बोलावणी येतात. फोनवर विचारतात, "काका येणार ना?" आणि मग जरा संकोचून, "जहाजाचे फोटो गाडीत मावले तर आणा."