कात्रीबाईंची खुंटी

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात कात्रीबाई शिलाई तपासायच्या. टाका वाकडा दिसला की कपडा दारामागच्या खुंटीवर जायचा, आणि तो कोणाचा हे बाई मोठ्याने सांगायच्या. मी काज-बटणाला, म्हणून थोडक्यात वाचले. तरी त्या जवळून गेल्या की लावलेलं बटण मी पुन्हा ओढून बघायची.

त्यांची धाकटी बहीणही तिथेच शिवायची. आईवडिलांमागे बाईंनीच तिला वाढवलं, शिवण शिकवली. एकदा तिचाच सदरा खुंटीवर गेला.

"ताई, तुझंही कधीतरी चुकतच असेल ना?" ती एवढंच म्हणाली.

"तू कोण मला सांगणार?" बाई सगळ्यांदेखत कडाडल्या.

बहिणीने काम सोडलं, घरही सोडलं. पुढे तिने लग्न केलं, मुलगी झाली, ते बाईंना बाहेरून कळलं. त्यांच्या खोलीत दुसरी खाट मात्र अंथरलेलीच असायची. मी गेले तेव्हा मला तिच्यावर बसू दिलं नाही.

मग एका घाईच्या दिवशी बाई स्वतः मशीनवर बसल्या आणि डावी बाही उजवीकडे लावून मोकळ्या झाल्या. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या उठल्या, सदरा खुंटीवर अडकवला आणि म्हणाल्या, "हा माझा." नंतर सगळ्यांसमोर बसून उसवत राहिल्या. हसायची आम्हाला फार हौस होती, पण हसलं कोणीच नाही. त्यानंतर त्यांनी दुसऱ्याचा कपडा खुंटीवर नेला नाही. चूक दिसली तर शेजारी बसून हळूच दाखवायच्या. पुढे पुढे आम्हीच आपापले बिघडलेले कपडे तिथे टांगू लागलो, वर एकमेकींची थट्टाही.

कारखान्यातली रीत बदलली, बाईंच्या खोलीतली ती खाट मात्र तशीच राहिली. शेवटी त्यांनी न पाहिलेल्या भाचीसाठी झगा शिवला आणि बहिणीकडे जाताना धीर म्हणून मला सोबत नेलं.

बहिणीने दारातच झगा उलगडला.

"कुठे चुकलं असेल तर सांग गं," बाई म्हणाल्या.

तिचं बोट कॉलरच्या वाकड्या टोकावर जाऊन थांबलं. "छान आहे," ती म्हणाली.

"अगं, सांग ना."

"मी कोण सांगणार?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने चहाचं विचारलं, पाहुण्यांना विचारतात तसं. आम्ही नको म्हटलं.

जिन्यात बाई थांबल्या. "कॉलर वाकडी होती ना?"

"हो."

"तिला दिसली ना?"

"दिसली," मी म्हटलं.

बाई तिथेच पायरीवर बसल्या.