राजीनामा की बदली

खालापूरच्या महालकऱ्यांच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, त्यानंतर वर्षभराने माझ्या शेजारच्या बैठकीवर तो आला. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, नोकरीत मात्र माझ्या मागे. आम्ही दोघे एकाच दौतीत बोरू बुडवीत असू. दुपारी डबे उघडले की त्याच्या घरची भाजी माझ्या भाकरीवर यायची. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणे आणि माझी बायको तिच्याशिवाय एकही हळदीकुंकू करीत नसे.

पुढे त्याची बदली कर्जतला झाली. तरी आमचं येणंजाणं तुटलं नाही, आणि प्राप्तीवरचा कर आला तेव्हा तर ते वाढलंच. त्या कराने सगळा तालुका गोंधळून गेला होता. पगारावर कर, व्यापारावर कर, असं लोक ऐकत आणि घाबरत. कर्जतच्या कचेरीत तो एकटा कायदा नीट वाचून बसला होता. जमिनीच्या उत्पन्नावर हा कर नाही, ठरावीक रकमेच्या आतल्या पगारावर नाही, विम्याच्या हप्त्याला सूट आहे, असं तो ओसरीवर बसून ज्याला त्याला समजावून सांगे.

माझ्यावरही एकदा नोटीस आली. माझा पगार कराच्या मर्यादेच्या आत होता, पण आमच्या वडिलोपार्जित माळावरचं गवत कापून आम्ही कर्जत स्टेशनावर विकायला पाठवीत असू. ते पैसे कुणीतरी माझ्या पगारात मिळवून मला करदाता ठरवलं होतं. मी हबकून त्याच्याकडे गेलो. त्याने शांतपणे सांगितलं, की ज्या माळाचा शेतसारा तू भरतोस त्या माळाचं गवत हे शेतीचंच उत्पन्न, ते यात धरता येत नाही. अर्ज त्यानेच सांगितला, मी लिहिला, आणि नोटीस रद्द झाली. त्या दिवसापासून सरकारी नियमांच्या बाबतीत मी त्याचा शब्द शेवटचा मानू लागलो.

दोनएक वर्षांनी कर्जतला एक जागा रिकामी झाली. माझ्या सासूबाई कर्जतला एकट्या राहत आणि त्यांना दिसेनासं झालं होतं. मुलगी एकच, ती माझी बायको, आणि ती रोज त्यांच्या काळजीने झुरत होती. मला ती जागा हवी होती. मी बदलीचा अर्ज करणार, असं त्याला सांगायला गेलो, तर तो म्हणाला की बदलीचे कागद जिल्ह्याला जातील आणि महिनोन् महिने पडून राहतील, तोवर दुसरा कुणी येऊन बसेल. त्यापेक्षा खालापूरचा राजीनामा द्यावा, मामलेदारसाहेब लगेच इथे नवी नेमणूक देतील, त्याने तसा शब्द टाकून ठेवला आहे.

"माझ्या आधीच्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"सरकार तेच, खुर्ची वेगळी," तो म्हणाला. "इथून उठायचं आणि तिथे बसायचं, एवढंच."

राजीनाम्याचा मजकूरही त्यानेच सांगितला. आठवड्याच्या आत मी कर्जतच्या कचेरीत होतो. सासूबाईंची शेवटची वर्षं लेकीच्या हातची सेवा घेण्यात गेली आणि त्यासाठी मी त्याचे उपकार मानीत राहिलो. त्याच साली तो अव्वल कारकून झाला. मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो होतो.

प्लेगची वर्षं गेली. तो पेन्शनीत निघाला, आणि दोन वर्षांनी माझीही वेळ आली. त्याच्या जागी आलेल्या अव्वल कारकुनाने माझे कागद तयार करताना मला बोलावून बसवलं आणि जरा संकोचाने सांगितलं, की खालापूरची चौदा वर्षं धरता येणार नाहीत. राजीनामा दिला की मागची सगळी नोकरी बुडते. बदलीवर आलो असतो तर ती तशीच पुढे मोजली गेली असती. मी म्हटलं, चुकत असेल तुमचं. त्यांनी नियम माझ्यापुढे ठेवला. तो नवा नव्हता. मी राजीनामा दिला तेव्हाही तोच होता.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो झोपाळ्यावर बसला होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, तुला हे ठाऊक होतं का. त्याने आधी वहिनींना आत चहा ठेवायला पाठवलं.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "तू बदलीवर आला असतास तर नोकरीत माझ्या वर बसला असतास. अव्वल कारकुनाची जागा तुला गेली असती."

"मग तसं सांगायचं होतंस. मी आलोच नसतो."

"तुला यायचं होतं," तो म्हणाला.

मी चहा न घेता निघालो. जिल्ह्याला मी अर्ज केला, त्यावर नियमाप्रमाणे नकार आला. पुऱ्या पेन्शनीऐवजी जवळजवळ निम्मी हाती आली. पेन्शनीनंतर खालापूरला परत जाऊन तिथलं आमचं जुनं घर नीट करायचं आम्ही ठरवलं होतं, ते राहिलं. मी स्टेशनाजवळ गवताच्या वखारीत लिहिण्याचं काम धरलं. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण पेढे नेले तेव्हा तो मनात हसत होता." तिने वहिनींकडे जाणं मात्र सोडलं नाही. त्या बाईचा यात काय दोष, असं ती म्हणे. मला ते लागे, पण मी अडवलं नाही.

तो गेला त्या वर्षी मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. तेराव्याचे दिवस झाल्यावर वहिनीच आमच्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. पेन्शन आता त्यांच्या नावावर करायची, तर अर्ज कुणाकडे द्यायचा.

पेन्शन ज्याची त्याच्याबरोबर संपते, बायकोला त्यातलं काही मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"पण भावजी, ते मला म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मी असो नसो, घरात पेन्शन येत राहील, असं म्हणाले होते. म्हणून तर मी माझे दागिने मोडून त्यांच्या भावाचं कर्ज फेडू दिलं."

"त्यांना नियम ठाऊक होता, वहिनी."

माझ्या बायकोने त्यांना हाताला धरून आत नेलं आणि जेवायला वाढलं. काही दिवसांनी त्या खोपोलीला भावाकडे राहायला गेल्या.

त्याच्या घरावर काही येईल तर मला बरं वाटेल, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होतो. आलं, पण बरं वाटलं नाही. माझ्याशी वागला ते निदान एका जागेसाठी होतं. भावाच्या कर्जासाठी वहिनींनी दागिने नुसते मागूनही दिले असते; त्यांना खोटं सांगून त्याने काय मिळवलं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायला तो नाही.