पुलाजवळचे बूट

पैसे मोजून चालायला परदेशात जायचं, ही गोष्ट धारगळात एका तरी माणसाला पटवून दाखव, तुला सोन्याचं कडं करते, असं मी मुलीला फोनवर म्हटलं होतं. माझं माहेर गोव्यातल्या नार्व्याचं. नदीकाठच्या शेतांच्या बांधावरून मी शाळेला चालत गेले, जत्रेला चालत गेले, मामाकडे चालत गेले, आणि त्याला कधी कुणी सुट्टी म्हटलं नाही. लग्न होऊन पेडणे तालुक्यात धारगळला आले तर दारातून हमरस्ता. तिथेही प्राथमिक शाळेत मराठी शिकवायला जाताना ट्रकांची धूळ खात चाललेच. आता डोंगरातून या गावाहून त्या गावाला पायी हिंडायचं, रात्री कुणाच्या तरी पाहुणघरात झोपायचं आणि सकाळी उठून परत चालू लागायचं, यासाठी लोक वर्षभर वाट बघतात म्हणे. आमच्याकडे याला बस चुकणं म्हणतात.

मुलगी हसली नाही. "आई, बाबांसाठी म्हणतंय मी," एवढंच म्हणाली, आणि मग माझंही हसू ओसरलं.

माझ्या यजमानांचं हमरस्त्यावर दुकान होतं. बी-बियाणं, खतं, कुदळी, कोयते. माणूस अखंड बोलणारा. कुदळ घ्यायला आलेला शेतकरी कुदळीबरोबर निम्म्या तालुक्याच्या बातम्या घेऊन घरी जायचा. कोकणी राजभाषा झाली आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी आमची मुलगी जन्मली. तिच्या बारशाला आलेल्या मंडळींशी हे मराठीच्या बाजूने असे तावातावाने भांडत बसले की पानं वाढून थंड झाली. भांडत होते ते मात्र आमच्या पेडण्याच्या बोलीत, जिच्यात मराठी किती आणि कोकणी किती हे देवालाच ठाऊक.

असा माणूस हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आला आणि गप्प झाला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, रोज चालवा. चाला म्हटलं की हे चालायचे, वाढलं की जेवायचे, आणि उरलेला वेळ जनेलाशी कदेल, म्हणजे खिडकीशी खुर्ची, ओढून बाहेर बघत बसायचे. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची थट्टा केल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नसे, ते त्याच्या सायकलच्या भोंप्याकडे मानसुद्धा वळवीनात. काय होतंय विचारलं की "काय नाय." मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, देवीला कौल लावून पाहिला. दुकान पुतण्याने हाती घेतलं, त्यावरही एक शब्द नाही. ह्यांनी मनातून जगणं सोडून दिलंय आणि आम्हाला तेवढं सांगितलेलं नाही, अशी भीती माझ्या पोटात बसली ती उठेना.

मुलगी म्युनिकला नोकरी करते. हे पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले, त्या नात्याने पेडण्यातल्या कितीतरी मुलांसारखा तिलाही तिकडचा पासपोर्ट मिळाला, आणि पोर्तुगाल न बघता पोर्तुगीज होऊन ती जर्मनीत जाऊन राहिली. हे शेजारणीला समजावून सांगताना मला चौथीला भागाकार शिकवल्यासारखं व्हायचं. तिने आमची तिकिटं काढली, दोघांसाठी घोट्यापर्यंतचे बूट घेऊन ठेवले, आणि एका जून महिन्यात आम्ही आल्प्सच्या पायथ्याशी, ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळच्या डोंगरात चालू लागलो.

खरं सांगते, गावं बघून मी आधी चिडलेच. इतकं नीटनेटकं असायचं काही कारण आहे का? प्रत्येक खिडकीत लाल फुलं, प्रत्येक भिंतीशी एकसारखी कापून रचलेली लाकडं, रस्त्यावर पान पडलेलं नाही. लग्नघरासारखं सगळं सजवलेलं आणि माणूस एक दिसायचा नाही. कुत्रासुद्धा भुंकला नाही आमच्यावर. गाईंच्या गळ्यात मात्र आमच्या देवळात टांगतात तेवढाल्या घंटा. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर पुढचं गाव किती किलोमीटर ते नाही, किती तासांवर ते लिहिलेलं. कुणाच्या पायाने तास, हे मी मुलीला विचारलं. पाहुणघरवाली बाई आमच्या पेट्या गाडीत घालून पुढच्या गावी नेऊन ठेवायची. त्याच गाडीतून आपणही का जाऊ नये, हेही विचारलं. मुलीने दोन्ही वेळा माझ्या पिशवीचे पट्टे घट्ट केले.

माझं लक्ष सगळं यजमानांवर. पहिल्याच गावात एका गोठ्याच्या भिंतीवर गवत कापायचा लांब दांड्याचा विळा टांगलेला होता. मी मुद्दाम थांबले. ज्यांनी जन्मभर कोयते विकले ते आता धारेवर, पोलादावर काहीतरी बोलतील म्हणून वाट बघितली. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि पुढे गेले. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस देवाचं नाव घेऊन नमस्कार करायचा, हे तेवढं ह्यांना आवडलं असावं, कारण ते प्रत्येकाला हात जोडायचे. बोलायचे मात्र नाहीत. संध्याकाळी मुलगी वाकून ह्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायची आणि तेव्हा ते तिच्या डोक्याकडे असं टक लावून बघायचे की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी माझ्या टाचेला फोड आला. वाट ओढ्याच्या काठाने चालली होती, रुंद, सरळ, चुकायला जागाच नाही अशी. मुलीने मला दगडावर बसवलं आणि पट्टी काढली. "मी फुडे होतंय," हे म्हणाले. एवढं लांब वाक्य पुष्कळ दिवसांनी ऐकलं म्हणून आम्ही जाऊ दिलं.

पट्टी लावून झाली तरी मुलगी उठली नाही. खाली बघत तिने विचारलं, बाबा तिच्यावर रागावलेत का. ती गेली म्हणून, तो पासपोर्ट घेतला म्हणून. मी म्हटलं, वेडी आहेस, त्यांनीच नव्हे का खेपा घालून तुझे कागद केले. म्हटलं खरं, पण खात्री मलाही नव्हती. तिला ते कळलं. मी बूट चढवून नाड्या बांधल्या आणि आम्ही चालू लागलो.

वळण घेतलं तर ओढ्यावर लाकडी पूल. पुलाच्या अलीकडे, अगदी पाण्याच्या कडेला, ह्यांचे बूट. एकाला एक लावून ठेवलेले, आत मोजे खोचलेले, शेजारी काठी. माणूस नाही.

ज्यांनी कधी नदीकाठच्या गावात दिवस काढले नाहीत त्यांना मी हे कसं सांगू? आमच्याकडे पाण्याच्या कडेला नीट काढून ठेवलेल्या वहाणा दिसल्या की बघणारा जवळ जात नाही, आधी गावात धावतो. वहाणा काढून पाण्याकडे गेलेला माणूस आंघोळीला गेलेला नसतो. तो ओढा रुंद नव्हता, पण बर्फाचं पाणी, हिरवं-पांढरं, दगडांवरून आदळत धावत होतं. इतके महिने पोटात बसलेली भीती एकदम समोर येऊन उभी राहिली. मुलगीही पेडण्याची. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने पाठीवरची पिशवी टाकली आणि पाण्याच्या काठाने खाली पळत सुटली.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक कसली मारायची तेच कळेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. "अवो! आयकल्यात?" मी त्या दरीत ओरडले. "अवो!" त्या देशात ह्या हाकेला ओ देणारा एकच माणूस होता. मी पूल ओलांडून पलीकडे गेले आणि परत ओरडले. पुढे काळपट झाडांची दाटी होती. पाण्याचा आवाज मागे पडला तसा झाडांतून दुसरा आवाज यायला लागला. पुरुषाचा, उंच, लांबवलेला. आधी मला वाटलं, कुणी गुराखी गाईंना बोलावतोय. मग शब्द ऐकू आले.

"हे बा देवा म्हाराजा! ह्या शिमेच्या राखणदारा!"

ते गाऱ्हाणं होतं. आमच्याकडे काही मोठं करायचं झालं, कुणी दूर निघालं, कुणावर संकट आलं, की घरचा कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून मोठ्याने देवाला सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि जमलेले पुरुष दर वाक्याला होकार भरतात. आमच्या घराचं गाऱ्हाणं हे घालायचे. आजारपणानंतर तेही पुतण्याकडे गेलं होतं. तो कागद बघून घालतो.

माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथेच झाडाच्या मुळांवर बसले. रडले, हसले, आणि मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या की सांगायची सोय नाही. बूट का काढले ते आता लख्ख दिसत होतं. आमच्या गावात देवीच्या राईत पाऊल टाकायचं तर वहाणा राईच्या कडेलाच काढायच्या, देवळाच्या पायरीपर्यंत नेत नाहीत. ह्यांना पुलापलीकडे दाट झाडी दिसली, झाडीत देवाचं छप्पर दिसलं, आणि शीम, म्हणजे देवाची हद्द, कुठे सुरू होते ते त्यांनी घरच्या हिशेबाने ठरवलं. जर्मन माणसाला ते बूट दिसते तर तो म्हणाला असता, कुणीतरी पाय धुतंय.

झाडांत पांढऱ्या भिंतीचं छोटंसं कपेल होतं. आत मेरीची मूर्ती, पुढे मेणबत्त्या. आमच्याकडचे हिंदूही वाटेवरच्या खुरसाला, क्रुसाला, मेणबत्ती लावतात, त्यामुळे त्यात ह्यांना काही वावगं वाटलं नसणार. हे दारात अनवाणी उभे होते, हात जोडून, पाठ माझ्याकडे. आवाज फुटत होता, पण थांबत नव्हता.

"तुझा नाव माका ठावक नाय म्हाराजा. चुकला-माकला पदरात घे. आमचा चेडू तुझ्या शिमेत रवता. तेचा हंय कोण नाय. तिकडची आमची देवी तेका राखी, पण तिची शीम थंयच सरली. मी आसय तवसर ठीक. माझ्या मागे तेचा गाऱ्हाणा घालूक कोण रवतलो? म्हणान आज तुझ्या कानार घालतंय. तेका संभाळ म्हाराजा."

हे होतं तर. हे इतके महिने जनेलाशी बसून ह्यांच्या डोक्यात हे चाललं होतं. राग नव्हता, मरणाची भीतीही नव्हती. पोरगी देवीच्या शिमेबाहेर गेली आणि तिकडच्या राखणदाराला कुणी कळवलंच नाही, याची काळजी होती. आणि ही काळजी कुणाला सांगणार? मला सांगितली असती तर मीच शाळामास्तरणीच्या तोंडाने म्हटलं असतं, काहीतरीच काय.

वाक्य संपलं आणि होकार भरायला कुणी नव्हतं. बायका गाऱ्हाण्याला होकार देत नाहीत, ते पुरुषांचं काम. पण तो रिकामा क्षण मला सोसवेना. "व्हय म्हाराजा!" मी मागून म्हटलं.

हे वळले. चेहरा ओला होता, पण मला बघून त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी, की मी बूट घालून राईत कशी आले. मी म्हटलं, तुमचे बूट बघून तुमचं चेडू पाण्यात शोधतंय तुम्हाला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

मी पुलाकडे जाऊन मुलीला हाका मारल्या. ती आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. तिने ह्यांचा दंड धरला तो सोडला नाही. ह्यांनी तिला हळू आवाजात, तुटक तुटक, कशासाठी उभे होते ते सांगितलं. मीही दोन वाक्यं घातली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, माका समोर न ठेवता गाऱ्हाणा घातलात? तेका कसा कळतला कोण ता?"

ह्यांनी विचार केला. मुद्दा बरोबर होता. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं तो देवासमोर उभा पाहिजे, हे ह्यांनीच पुतण्याला शिकवलेलं.

मुलगी खाली बसली आणि भिजलेल्या नाड्या ओढून तिने बूट काढले. मीही काढले. ह्यांनी तिला आपल्या उजव्या हाताला उभं केलं, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, आता फोड करून, तिचं शिक्षण, तिची नोकरी, ती कुठल्या रस्त्यावर राहते, सगळं त्या देवाला सांगत. त्यांचा जुना आवाज होता तो, दुकानातला.

पहिलं वाक्य संपताच मी तोंड उघडलं, पण मुलगी माझ्या आधी म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग मी ते मिटून घेतलं. पुढचे सगळे होकार तिनेच भरले.