आवळ्याचा नकार

माझ्या बायकोच्या मामांना निरोगी माणूस अजिबात सहन होत नसे. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, पण कपडे शिवणं हा त्यांच्या लेखी निव्वळ जोडधंदा. खरं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या अंगात दडून बसलेला आजार हुडकून काढणं, आणि तेही फुकटात. गळ्यातली टेप कमरेभोवती गेली की आकडा सांगायचं सोडून ते गिऱ्हाइकाच्या पोटावर दोन बोटं वाजवत आणि म्हणत, "अय्यो, हितं वारा धरलाय की!" मग पँट शिवून येई तेव्हा तिला एक न सांगितलेला चोरखिसा असे आणि त्यात भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी. एकदा एक प्राध्यापक कोट शिवायला आले. झोप उत्तम, भूक उत्तम, दात स्वतःचे. मामांचा चेहरा पार उतरला. कोटाची बाही मापताना त्यांनी जी काही उलटतपासणी घेतली तशी कोर्टातही घेत नसतील. अखेर गृहस्थांनी हिवाळ्यात टाचा फुटतात एवढं कबूल केलं, तेव्हा कुठे मामांनी समाधानाने खडू उचलला आणि कापडावर पहिली रेघ मारली.

मी या घराचा जावई होणार असं ठरलं तेव्हा लग्नाचा सूट अर्थातच त्यांनी शिवला. ट्रायलच्या वेळी मला एक शिंक आली. एकच, आणि तीही अस्तराच्या धुळीने. पण मामांना तेवढं पुरे होतं. अडुळसा, सुंठ, मिरी आणि काडेचिराईत यांचा एक कडूजहर काढा लग्नाच्या दिवसापर्यंत रोज सकाळी माझ्या बिऱ्हाडी पोचता होऊ लागला. मी विरोध केला की, "सुम्ने गप बसा जावईबापू, औषध प्यायला तोंड लागतं, बोलायला नाही," असं म्हणून ते मला गप्प करत. आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव आहे, त्याला पाहुणे जबाबदारीची जाणीव समजतात. ते काडेचिराईत आहे.

दुकानामागे त्यांचं भाड्याचं घर होतं आणि घरामागे परस. त्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळस, ब्राह्मी, कोरफड, पानओवा, अडुळसा आणि भिंतीवर बेफाम चढलेली गुळवेल. मधोमध आवळा, मामा-मामींनी संसाराच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून लावलेला. पण यातलं एक पान तोडायचं तरी मामांचे नियम कडक. औषधाचं झाड ओरबाडायचं नसतं, त्याला आदल्या संध्याकाळी आमंत्रण द्यायचं असतं, ही जुनी रीत. मामा ती लग्नघराच्या थाटात पाळत. आंघोळ करून, झाडापुढे सुपारी आणि अक्षता ठेवून, हात जोडून ते सांगत की उद्या सकाळी अमक्याच्या अमक्या दुखण्यासाठी यायची कृपा करावी. सकाळी झाड टवटवीत दिसलं तर होकार, माना टाकलेल्या असल्या तर नकार. नकार आला की रोग्याने पुन्हा उद्या यायचं. या उद्या-उद्यात निम्मे रोगी आपोआप बरे होत आणि मामा अभिमानाने म्हणत, "बघा, नुसतं बोलावणं केलं तर गुण आला!"

अडचण एकच होती. मामांचा आवाज खणखणीत, आणि झाडापासून काही लपवायचं नाही असा त्यांचा बाणा. समोरच्या सराफांचा कोठा परवापासून साफ नाही, ही गोष्ट त्यांनी कोरफडीला इतक्या तपशिलाने सांगितली की दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली सराफांना "आता कसं आहे?" विचारत होती. सराफ त्या आठवड्यात मागच्या दाराने ये-जा करत होते. मामींनी हलक्या आवाजात बोला म्हणून सुचवलं, तर मामा म्हणाले, "कानात सांगायला झाडं काय आपले सोयरे आहेत? थोर आहेत ते, थोरांशी मोकळं बोलावं."

पुढे घरमालकाने ती जागा विकली. महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या. मामांच्या मुलाने शहराच्या टोकाला हिनकलला फ्लॅट घेतला, लिफ्ट असलेला, कारण मामींचे गुडघे इतके धरले होते की परसाच्या दोन पायऱ्या उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. सगळ्यांना आनंद झाला. मामा मात्र म्हणाले, "मी कोण ठरवणारा? ज्यांना यायचंय त्यांना विचारतो." आणि संध्याकाळी ताट घेऊन त्यांनी अख्ख्या परसाला रीतसर आमंत्रण केलं. तिसरा मजला आहे, ऊन पूर्वेचं आहे, कुंड्या नव्या आहेत, सगळं खरंखरं सांगितलं. सकाळी कोरफड तयार, तुळस तयार, ब्राह्मी तर ओसंडून चाललेली. आवळ्याने मात्र रातोरात पानांचा सडा घातला होता.

"आयतु, झालं," मामा पायरीवर बसकण मारत म्हणाले. "तो येत नाही म्हणतो. मग मीबी येत नाही."

"अप्पा, एवढं मोठं झाड येणार कसं? त्याला हीच जागा!" मुलगा कळवळून म्हणाला.

"मग मलाबी हीच."

सामान न्यायला आलेला टेंपो परत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमंत्रण, पुन्हा पानांचा सडा. मुलगा चिडला, सुनेने रडून पाहिलं, शेवटी जावई म्हणून मला मध्यस्थीला बोलावलं. मी तावातावाने बोललो तेव्हा मामांनी माझ्या आवाजात पित्त ओळखलं आणि मला धण्याचं पाणी पाजून परत पाठवलं. महिना संपायला एकच दिवस उरला.

त्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो, तर मामी भिंत धरधरून परसात उतरत होत्या. हातात ताट होतं. मला वाटलं, आता या आवळ्याची समजूत घालणार. पण त्या आवळ्याकडे गेल्याच नाहीत. पायरीवर बसलेल्या मामांपुढे त्यांनी सुपारी ठेवली, अक्षता ठेवल्या आणि हात जोडले.

"उद्या सकाळी हिनकलला, माझ्या गुडघ्यांसाठी यायची कृपा करावी," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात मामींनी गुडघ्यांबद्दल नवऱ्याकडे तक्रार केलेली मी ऐकली नव्हती. मामांनी काही उत्तर दिलं नाही. झाडं तरी कुठे लगेच देतात?

सकाळी मी पोचलो तेव्हा मामा आंघोळ करून, काळी टोपी आणि स्वतः शिवलेला कोट घालून टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसले होते. मांडीवर कोरफडीची कुंडी. डोळे लाल. मी जवळ गेलो तसे ते जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"जावईबापू, येवढ्या झाडांना बोलावणी केली मी. पण बोलावणं आल्यावर त्यांची रात्र कशी जात असंल, हे कधी मनात आलंच नाही की हो."

मी कुंडी नीट धरल्यासारखं केलं. मागून मामींनी हाक मारली, "अहो, निघायचं ना?" मामांनी मान हलवली आणि टेंपो सुरू झाला.