पेज आणि लोणचं
उकड्या तांदळाची पेज शिजायला लागली की तिच्या उबदार वासाबरोबर मला ती चिनी टेनिसपटू आठवते. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही बहरीनला राहायचो, तिथे मनामा शहरातल्या एका लहान टेनिस स्पर्धेत मी स्वयंसेवक होते आणि खेळाडूंची व्हॅन बाबाच चालवायचे. ती क्रमवारीत खूप खाली होती, सोबत कोचही नव्हता, आणि पहिलीच मॅच हरली तर लगेच परत जावं लागणार होतं. त्यात पोट बिघडल्यामुळे आदल्या दिवसापासून तिने काहीच खाल्लं नव्हतं. सकाळी आईने पेजेचा डबा माझ्या हातात दिला. “आई, ती इंटरनॅशनल प्लेअर आहे गं!” “मग पोट काय इंटरनॅशनल असतं?” व्हॅनमध्ये मी भीतभीतच डबा पुढे केला, लोणच्याची बाटली मात्र संकोचाने बॅगेतच ठेवली. तिने झाकण उघडून वास घेतला, दोन्ही हातांनी डबा तोंडाला लावून मोठा घोट घेतला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “नो पिकल?” चीनमध्येही पेजेबरोबर लोणचं खातात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! बाबा मोठ्याने हसले. “ही तर आपल्या मालवणचीच निघाली! काढ ते लोणचं, यल्ला, चल लवकर!” त्या दुपारी ती जिंकली. दुसऱ्या दिवशी हरली, पण जाताना डबा स्वच्छ घासून देऊन गेली. अजूनही नवी क्रमवारी लागली की तिचं नाव लवकर सापडावं म्हणून मी खालून वाचायला घेते. या आठवड्यात मात्र बरंच वर जावं लागलं, आणि मी फोन घेऊन तशीच आईकडे स्वयंपाकघरात पळाले.